न समजलेला होकार

पेठ गावची हर्षाली इंजिनिअर होऊन चाकणच्या एका कारखान्यात लागली. एकदा फोनवर जर्मन गिऱ्हाइकानं पार्टमधला बदल भराभर इंग्रजीत सांगितला. तिला निम्माच कळला, पण अडाणी दिसू नये म्हणून ती 'येस, येस' म्हणत राहिली. सगळा माल चुकीचा बनला आणि जर्मनीहून परत आला.

"समजलं नव्हतं, तर विचारायचं होतं," साहेब एवढंच म्हणाले.

सुट्टीत ती घरी गेली, तेव्हा वडील पाहुण्यांना सांगत होते, "आमची हर्षाली परदेशातल्या सायबांशी लई फाडफाड बोलती!" धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं.

पुढच्या फोनवर मात्र ती इंग्रजीतच म्हणाली, "मला समजलं नाही. पुन्हा सांगाल?" पलीकडच्यानं सावकाश सांगितलं. ती लिहून घेत होती, आणि तिचे कान शरमेनं तापले होते.