कानाचा मिस्त्री

डावा कान मशीनला टेकलेला, डोळे मिटलेले, उजव्या हाताचं एक बोट वर, आणि तोंडात एकच शब्द: "चूप."

हा शब्द कोणासाठी आहे, ते पाहायचं नाही. समोर तहसील कचेरीतला मोठा बाबू असो की त्याची स्वतःची बायको असो, बोट वर गेलं की सगळ्यांनी गप्प बसायचं. एकदा दुकानासमोरून बैलगाडी चालली होती, तर त्यानं गाडीवानालाही बोट दाखवलं. त्या बिचाऱ्यानं बैल थांबवले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मिनिटभरानं तो डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "सांगतलं त्यानं."

"काय सांगितलं?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की उत्तर ठरलेलं. "ते आमच्या दोघातलं हाय जी. तुम्ही परवा या."

चंद्रपूरकडच्या मूल गावच्या बाजारात त्याचं दुकान होतं. रेडिओ, टेप, टीव्ही, पंखे, मिक्सर, नाटकवाल्यांचे भोंगे, जे येईल ते. शिक्षण चौथी नापास, आणि तेही तो असं सांगायचा की जणू चौथीच त्याच्यापुढे नापास झाली होती. मी त्याच्या दुकानामागच्या गल्लीत राहायचो आणि कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचो. आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, अख्ख्या खटल्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे आमचं जमणं कठीण होतं, आणि म्हणूनच जमलं. ध्वनी हा विषय मी वर्गात तीन आठवडे शिकवायचो. तो एका बोटात शिकवायचा.

एकदा राइस मिलवरून सायकलनं जाता जाता तो मालकाला ओरडून म्हणाला, "भाऊ, तुमच्या मोटारीचं बेअरिंग शनिवारी जाते." बेअरिंग शुक्रवारीच गेलं. गावानं तोंडात बोटं घातली, पण हा दोन दिवस सुतकी चेहऱ्यानं बसून राहिला. शेवटी मिलवर जाऊन त्यानं माफी मागितली. मालकाची नाही, मोटारीची. "माह्या ऐकण्यात एक दिवसाचा फरक पडला," म्हणाला.

तर असा हा माणूस. आता डब्याचं सांगतो.

वडील गेल्यावर मी आईला गावाहून मूलला आणलं. गाव तासाभराच्या बसवर, तलावाच्या काठी. तिचं सगळं आयुष्य त्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात गेलेलं. मी म्हटलं, आता बस झालं. पोरगा नोकरीला आहे, सून शाळेत शिकवते, पक्कं घर आहे, नळ आहे, गॅस आहे. ती आली. पण सोबतचं गाठोडं तिनं सोडलं नाही. खाटेखाली तसंच बांधून ठेवलं.

त्याच सुमारास आमच्या स्टाफमधल्या एकाच्या घरी चोरी झाली आणि मी घरी कॅमेरे बसवले. आमच्या गल्लीत पहिले. एक दारावर, एक मागच्या अंगणात, एक समोरच्या खोलीत. रेकॉर्डिंगचा डबा समोरच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या फ्रेमखाली. खोलीतल्या कॅमेऱ्याचं तोंड मी मुद्दाम त्या फ्रेमकडे केलं होतं.

"कागद कोन चोरन रे बाबू?" आईनं विचारलं.

"आई, तो कागद नाही."

"मंग काय हाय? लुगडं हाय?"

महिनाभरानं डबा घुरघुरायला लागला. आत एक छोटा पंखा असतो, त्यात धूळ जाते. आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हा डब्बा माह्या डोक्यात बोंबलते. मी ह्या घरात राहात नाई. मले गावी सोडून दे."

मी हादरलो. म्हातारी आई एकटी गावी, कमरेएवढ्या पाण्यात, आणि पोरगा मूलला पंख्याखाली. लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच झोप लागली नसती. मी धावत दुकानात गेलो.

तो आला. बोट वर केलं, "चूप" म्हणाला, पंखा काढून पुसला, तेलाचा थेंब सोडला. डबा मुका झाला. मी आईकडे विजयानं पाहिलं. आईचा चेहरा मात्र पडला होता.

चार दिवसांनी डबा पुन्हा सुरू. ह्या खेपेला घुरघुर नव्हती, खडखड होती.

त्यानं पुन्हा कान लावला. बराच वेळ लावला. मग झाकण उघडलं, चिमट्यानं काहीतरी काढलं आणि मूठ मिटून खिशात टाकलं.

"काय होतं?" मी विचारलं.

"धान. एक दाना."

"धान आत कसं गेलं?"

"मूल हाय सर. इथी धान कुठीबी जाते."

हे मला पटलं. आमच्याकडे हंगामात कोंडा चहातही सापडतो. पण आठवड्यानं तिसऱ्यांदा डबा बिघडला. आता त्यातून असा आवाज यायचा की कोणी आत बसून सुपारी फोडतो आहे. आईनं खाटेखालचं गाठोडं ओढून दारात आणून ठेवलं. "आज सोडून देतू का उद्या?"

मी त्याला बोलावलं आणि तो कान लावून असताना माझा सिद्धान्त सांगायला लागलो. व्होल्टेज कमी-जास्त होतं, त्यामुळे पंख्याचा वेग बदलतो, मग डब्याचा पत्रा अनुनादात येतो...

"चूप," तो म्हणाला.

हा शब्द मशीन ऐकण्यासाठीचा नव्हता. झाकण उघडून त्यानं आत पाहिलं. मग मान वळवून आईकडे पाहिलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. त्यानं चिमट्यानं काहीतरी काढलं, मूठ मिटली, खिशात टाकली.

"काय होतं?"

"गरम होऊन राह्यला तो."

"मग आपण मागचं रेकॉर्डिंग पाहू," मी म्हणालो. मला माझ्याच बुद्धीचं कौतुक वाटलं. "खोलीचा कॅमेरा फळीकडेच आहे. आवाज सुरू होण्याआधी नेमकं काय झालं ते दिसेल."

आईच्या हातातलं सूप थांबलं.

त्यानं माझ्याकडे पाठ केली, डब्याला टीव्ही जोडला, रिमोटची दोन-चार बटणं दाबली, आणि वळून म्हणाला, "नाई दिसत सर. पुसल्या गेलं सगळं."

"पुसलं गेलं? कसं?"

"माह्या हातून चूक झाली."

हे वाक्य मूलमध्ये तोवर कोणी ऐकलं नव्हतं. मोटारीच्या एका दिवसाच्या फरकासाठी माफी मागणारा माणूस आणि त्याच्या हातून अशी चूक. मी तोंडानं "असू द्या" म्हटलं. पण खरं सांगतो, आतून मला गुदगुल्या झाल्या. शेवटी शिक्षण ते शिक्षण. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. दोघांनी आपले बिघडलेले टीव्ही त्याच्या दुकानातून उचलले आणि नागपूरला पाठवले.

त्याच आठवड्यात स्टाफमधले एक सर घरी चहाला आले आणि नाकाला रुमाल लावून बसले. "तुमच्याकडे कसला तरी वास येतो," म्हणाले. मला काही आला नाही. आमच्या घरात मासोळीचा वास म्हणजे वास नसतो, हवा असते.

मग एक दिवस कॉलेज लवकर सुटलं. भर दुपारी मी घरी आलो. दार पुढे केलेलं होतं, खिडकी उघडी होती. आत आई फळीपुढे स्टुलावर चढलेली. सत्तरीची बाई, एका हातानं भिंतीला धरून. दुसऱ्या हातात सुका झिंगा. डब्याच्या मागे हवेसाठी ज्या फटी असतात, त्यातल्या एका फटीतून ती तो झिंगा सरकवत होती. जात नव्हता. तिनं त्याच्या मिशा तोडल्या आणि पुन्हा सरकवला.

"खा," ती डब्याला म्हणाली. "खा आन् बोंबल. लवकर बोंबल."

डबा बोंबलला. ती खाली उतरली, पदरानं हात पुसला, आणि गाठोड्यावर जाऊन बसली. बसस्टँडवर बाया बसतात, तशी.

मी खिडकीतून मागे सरलो. चपला हातात घेतल्या. स्वतःच्या घरातून चोरासारखा पळालो. दारावरच्या कॅमेऱ्यात ते अजूनही असेल.

दुकानात तो एका टेपरेकॉर्डरवर कान ठेवून होता. मी म्हटलं, "मिस्त्री, माझी आई त्या डब्याला..."

त्यानं डोळे न उघडता बोट वर केलं. मी थांबलो. त्यानं टेपचं ऐकून संपवलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"झिंगा का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं खण उघडला. आत कागदाच्या पुड्या होत्या. एकीत धानाचा दाणा, एकीत झिंग्याचं डोकं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमची डिगरी कोन्त्या विषयाची हाय सर?"

"पदार्थविज्ञान."

"हां. म्हनून नाई सांगतलं."

मी चिडून म्हणालो की मी आजच डबा काढून टाकतो, कॅमेरे काढतो, मग बघू ती कशाचं निमित्त करते.

"काढा," तो म्हणाला. "मंग बाई मिक्सरमंदी झिंगा घालन. मिक्सर काढला तं फ्रिजमंदी घालन. मंग टीव्ही. मंग तुमची मोटरसायकल. घरात मशीनी किती हायेत ते मोजून ठेवा सर. बाईपाशी झिंगे लय हायेत."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं.

"ती तिथं एकटी कशी राहील?"

"इथी कोन हाय तिच्यासंगं? तुम्ही कॉलेजात. सुनबाई शाळेत. दिवसभर तो डब्बा आन् बाई." तो उठला, मला बाहेरच्या बाकावर घेऊन बसला. "मी तुमच्या घरी तीनदा कान लावला सर. डब्ब्यात काही बिघाड नाई. होता तो बिघाड पहिल्या खेपेलेच गेला."

मी विचारलं, "तुम्ही ते रेकॉर्डिंग चुकून पुसलं नाही ना?"

"माह्या हातून चूक झाली," तो पुन्हा म्हणाला, तितक्याच गंभीरपणे, आणि उठून आत टेपरेकॉर्डरकडे गेला.

रविवारी मी आईला गावी सोडलं. कारण सांगितलं की डबा काही केल्या दुरुस्त होत नाही. "मी म्हनलंच होतं," ती म्हणाली. बसमध्ये ती खिडकीशी बसली. तलावाचा बांध दिसला तशी चालकाला ओरडली, "थांब रे बाबू, इथीच थांब," आणि गाठोडं घेऊन माझ्याआधी उतरली.

दर आठवड्याला मी जायचो. ती ठणठणीत होती. बाया होत्या, जाळं होतं, भांडायला शेजारीण होती. डब्यानं त्यानंतर कधी आवाज केला नाही. नागपूरला टीव्ही पाठवणाऱ्या त्या दोघांना मात्र मी खरं काही सांगू शकलो नाही. सांगायचं तर आईचं सांगावं लागलं असतं. मी त्याच्याकडे जाऊन तेवढं बोलून दाखवलं, तर म्हणाला, "जाऊ द्या. त्या टीव्ही तशाबी मरून राह्यल्या होत्या. नागपुरात मेल्या, माह्यावरचं पाप गेलं."

दोन वर्षांनी तो गेला. ताप आला, चंद्रपूरला नेलं, आणलं, तीन दिवसांत संपलं. दुकान काही दिवस बंद राहिलं. आतल्या फळ्यांवर लोकांचे रेडिओ तसेच होते. कोणी न्यायला आलं नाही. मला वाटतं, दुसऱ्या कोणाकडे ते बोलतील असं कोणाला वाटलं नसावं.

तेरवी झाल्यावर मी गावी गेलो. आई तलावाच्या काठावर होती. नुकतंच जाळं ओढलं होतं आणि बाया मासोळीचे वाटे घालत होत्या. आमच्याकडे जितके जण पाण्यात उतरतात तितके वाटे पडतात, पळसाच्या पानावर एकेक. वाटे घालायचं काम आईकडे असायचं, कारण तिचा हात सरळ, असं सगळ्या मानायच्या.

मी शेजारी बसलो आणि सांगितलं, "आई, तो मिस्त्री गेला."

तिचे हात चालू राहिले. तीन-चार पानं झाल्यावर ती हळूच म्हणाली, "त्या डब्ब्यात मीच घालत होती."

"माहीत हाय." घरी तिच्याशी बोलताना माझी भाषाही तीच होते.

ती एकदम ताठ झाली. मेलेल्या माणसावर रागवायची तयारी तिच्या चेहऱ्यावर आली. "कोनं सांगतलं? त्यानं?"

"नाई. मी खिडकीतून पाह्यलं. त्यानं नाई सांगतलं. मी इचारलं तरी नाई."

ती खाली वाकली आणि पुन्हा वाटे घालायला लागली. घालून झाले तेव्हा एका बाईनं पानं मोजली आणि म्हणाली, "ओ बाई, आपण नऊ जनी, वाटे दहा पडले. हा कोनाचा?"

"हाय एकाचा," आई म्हणाली. तिनं ते पान उचललं, मासोळी माझ्या पिशवीत ओतली आणि तोंड दुसरीकडे केलं. "त्याच्या घरी दे. बायकोले म्हन, ताजी हाय."

परतीच्या बसला गर्दी होती. मी पांढऱ्या शर्टात, पिशवी मांडीवर धरून बसलो होतो, आणि पिशवीतलं पाणी माझ्या पॅन्टवर गळत होतं. शेजारच्या बाईनं नाक धरलं. पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "कोन हाय रे मासोळीवाला? खिडक्या उघडा."

"मी हाय," मी म्हणालो.

खिडक्या धडाधड उघडल्या. मूल येईपर्यंत मी ती पिशवी खाली ठेवली नाही.