पाठ न केलेलं वाक्य

बाबांना बाबा म्हणणारी माणसं हजारोंनी होती. भाजीवाली म्हणायची, बँकेतला खिडकीमागचा माणूस म्हणायचा, दाताच्या डॉक्टरीणबाईसुद्धा "बाबा, आ करा" म्हणायच्या. अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला हा माणूस टीव्हीतून लोकांच्या घरात शिरायचा आणि त्यांचा बाप व्हायचा, त्याचा हा परिणाम. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि मालिकेतलं नाव लोक विसरून गेले. म्हणून आपणही त्यांना बाबाच म्हणू या.

मूळचे ते नाटकातले. पाणीपुरवठा खात्यात नळजोडणीचे अर्ज तपासायचे आणि पाच वाजले की तालमीला पळायचे. नायकाची भूमिका काही त्यांच्या वाट्याला आली नाही. दुसऱ्या अंकातला डॉक्टर नाहीतर तिसऱ्या अंकातला वकील, यापुढे मजल गेली नाही. पण आवाज असा, की शेवटच्या रांगेत पेंगणारा प्रेक्षक सावरून बसायचा. पाठांतराच्या नावानं मात्र बोंब होती. म्हणून बायको कागद घेऊन समोर बसायची. समोरचं पात्र प्रेयसी असो की खुनी, त्याची वाक्यं ती वाण्याची यादी वाचावी तशी एका सुरात वाचायची, आणि तिच्यापुढे हे जीव तोडून अभिनय करायचे. चुकले की ती नुसतं बोट वर करायची, की पुन्हा पहिल्यापासून. असं दोन-तीन दिवस घोटलं की वाक्य जे डोक्यात बसायचं, ते मग कायमचंच.

मालिका मिळाली तेव्हा त्यांची लेक आठ वर्षांची होती. बाबांनी नोकरी सोडली आणि रोज सकाळी सातला ते त्या खोट्या घरात जाऊ लागले. तिथला जिना सात पायऱ्यांनंतर संपायचा. वर झोपायला जाणारं माणूस सातव्या पायरीवर अंग चोरून बसून राहायचं, दिग्दर्शक थांबवेपर्यंत. अशा त्या घरात बाबा काय सुरेख बाप होते! पडद्यावरच्या लेकीला त्यांनी सायकल शिकवली, तिच्या परीक्षेच्या दिवसांत तिच्यासोबत जागले, तिच्यासाठी साऱ्या खानदानाशी भांडले. घरातल्या लेकीला सायकल शेजारच्या काकांनी शिकवली. बाबा घरी यायचे तेव्हा ती झोपलेली असायची. साडेसातला मात्र ती ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि दुसऱ्या मुलीच्या डोक्यावरून फिरणारा आपल्या वडिलांचा हात बघत जेवायची. एकदा तिनं आईला विचारलं, "आई, टीव्हीतल्या बाबांना सुट्टी असते का गं?" आईनं हे हसत हसत त्यांना सांगितलं. तेही हसले. तेव्हा हसायला नको होतं.

दहाव्या वर्षी मालिकेतली आजी वारली. त्या प्रसंगासाठी बाबांना लांबलचक वाक्य होतं. पडद्यावरच्या लेकीला जवळ घेऊन ते म्हणतात, "रडू नकोस असं मी म्हणणार नाही. पोटभर रड. पण रडून झालं की खिडकी उघड. घरात उजेड यायला हवा." बायकोनं तीन दिवस ते पाठ करून घेतलं. तो भाग बघून घरोघरी लोक रडले म्हणे.

चार महिन्यांनी बायको गेली. दोन दिवस तापाचं निमित्त झालं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, औषधाच्या खोक्यांशेजारी, लेक भिंतीला टेकून उभी होती. अठरा वर्षांची. बाबांनी तिला जवळ घेतलं. आणि त्यांच्या तोंडून आवाज आला, "रडू नकोस असं मी म्हणणार नाही. पोटभर रड..."

लेक हळूच बाजूला झाली. म्हणाली, "बाबा, हे आईनं तुमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मी भिंतीपलीकडे अभ्यास करत होते. मलाही पाठ आहे."

यात बाबांचा खोटेपणा शून्य होता, हे मी शपथेवर सांगेन. दुःख त्यांचंच होतं हो, शब्द तेवढे दुसऱ्याचे निघाले. पण हे त्या अठरा वर्षांच्या पोरीला कोण समजावणार? आणि कोणत्या शब्दांत?

वर्षभरात ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि नोकरी धरून तिथंच राहिली. दर रविवारी फोन यायचा, कधी चुकला नाही. बरं आहे ना, बरं आहे. गोळ्या घेता ना, घेतो. थंडी आहे का तिकडे, आहे थोडी. मग दोघांपैकी कुणीतरी ठेवू का म्हणायचं. फोनआधी बाबा खुर्चीत बसून आज काय बोलायचं ते ठरवायचे. पण मनात एखादं बरं वाक्य आलं, की त्यांना संशय यायचा. तपासून बघावं तर ते कुठल्यातरी भागातलं निघायचं, नाहीतर दुसऱ्या अंकातलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तोंडात घोळवलेला माणूस, त्याला स्वतःचं एक सापडेना. ते एक वाक्य मिळावं आणि ते समोरासमोर लेकीला सांगता यावं, एवढीच आस त्यांना लागून राहिली. लोक बाबा, बाबा करत फोटो काढायला यायचे तेव्हा ती आस आणखीच टोचायची.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना एका नाटकात छोटी भूमिका मिळाली, बागेतल्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्याची. त्या नाटकाचा दौरा लेकीच्या शहरात जाणार होता. दुपारी चारचा प्रयोग. बाबांनी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बघते. जमलं तर."

लेकीच्या नावाचं तिकीट बाहेरच्या खिडकीवर ठेवून बाबा मेकअपला बसले. पहिली घंटा झाली तसे उठून पडद्याच्या फटीला डोळा लावला. पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या घंटेला रिकामी, तिसरीलाही. व्यवस्थापक म्हणाला, "बाबा, किती वेळा बघाल? हाउसफुल आहे." ते म्हणाले, "एक खुर्ची कमी आहे." मध्यंतर संपताना त्यांनी पुन्हा डोळा लावला, तेव्हा त्या खुर्चीवर ती बसली होती. पर्स मांडीवर, हनुवटी तळहातावर, थेट आईसारखी. दुसरा अंक कसा झाला ते बाबांना आठवत नाही. टाळ्या पडल्या म्हणजे बरा झाला असावा.

ती मेकअपच्या खोलीत आली तेव्हा बाबांचा अर्धा चेहरा पुसून झाला होता. बाहेर कामगार सेट सोडवत होते आणि हातोड्यांनी कान किटले होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "चांगलं झालं काम."

"उशीर झाला तुला."

"ऑफिसमधून निघता येईना."

बाबांच्या तोंडाशी एक वाक्य आलं, सुंदर, डोळ्यांत पाणी आणणारं. त्यांनी ते ओळखलं आणि गिळलं. दुसरं आलं, तेही गिळलं.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू? जे सुचतंय ते सगळं कुणीतरी लिहून दिलेलं आहे." तेलाचा बोळा हातात तसाच होता. "तुझी आई गेली ना, तेव्हा... मला भीती वाटली गं. म्हणजे तिचं दुःख होतंच, पण ते नव्हतं पहिलं. तू मला ओळखतच नव्हतीस. मी कधी घरी... आता आपण दोघंच, आणि हिला माझ्याशी काय बोलायचं तेसुद्धा माहीत नाही. मलाही नाही. तुझी भीती वाटली मला. म्हणून ते पाठ होतं ते बोललो."

आवाज भलत्याच ठिकाणी फाटला. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. कुठल्याही दिग्दर्शकानं हा प्रसंग कापून टाकला असता. बाहेर एक मोठी फळी धाडकन पडली.

लेकीनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. म्हणाली, "परत म्हणा."

बाबांनी तोंड उघडलं. त्यांनी आयुष्यात एकेक वाक्य शेकडो प्रयोगांत म्हटलं होतं, सांगाल तेव्हा आणि सांगाल तितक्यांदा. पण हे काही परत येईना. सुरुवात कुठून केली होती तेही आठवेना.

"नाही येत," शेवटी ते म्हणाले. "हातोड्यांच्या आवाजात ऐकू गेलं नाही का तुला?"

"ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "परत ऐकायचं होतं, एवढंच."