वरच्या कोपऱ्यात अडणारी दारं

मिस्तरीचा हात लागला की दार लोण्यासारखं फिरतं, असं त्या समुद्राकाठच्या इमारतीत सगळे म्हणायचे. बावीस मजले, पुढे सगळी काच, समोर पाणीच पाणी. समुद्र दिसावा म्हणून माणसं जन्माची कमाई ओतून तिथे घर घ्यायची, आणि मग सोफ्याचा रंग उडतो म्हणून दिवसभर पडदे ओढून बसायची. निम्मी घरं तर वर्षाकाठी पंधरा दिवस उघडायची. श्रीमंतांचं सगळं न्यारंच.

मिस्तरी दोन बस बदलून तिथे यायचा. खाऱ्या हवेने लाकूड फुगतं, दार चौकटीला घासायला लागतं. मग याने यायचं, दार उतरवायचं, कड रंध्याने तासायची, पुन्हा बसवून द्यायचं. सहा वर्षं हेच. त्याच्याच ओळखीने जावयाला त्या इमारतीत देखभालीची नोकरी लागली, आणि नोकरीबरोबर तळमजल्यावर पंपाशेजारची खोली. लेकीला आभाळ ठेंगणं झालं. सासरी दीड खोलीत सात माणसं. इथे स्वतःचं दार मिळणार होतं, आणि पोरींची शाळा हाकेच्या अंतरावर.

एका सोमवारी पाचव्या मजल्यावरच्या आजींनी मिस्तरीला बोलावलं.

"काय रे, दोन महिन्यांपूर्वीच तासलंस ना हे? माझं दार काय दर महिन्याला जाड होतंय?"

"हवा खातंय बसून, आजी," म्हणत मिस्तरी रंधा घेऊन पुढे झाला, आणि तसाच थांबला.

फुगलेलं दार सगळ्या कडांनी अडतं. हे एकाच जागी अडत होतं, वरच्या कोपऱ्यात, समुद्राच्या बाजूला. त्याने दोरीचा ओळंबा चौकटीशी सोडला. वर दोरी लाकडाला टेकलेली, आणि खाली चांगली बोटभर लांब. म्हणजे दार शहाणंच होतं. चौकट कलली होती. त्याला चौथ्या मजल्यावरचं दार आठवलं, नवव्यावरचं, बाराव्यावरचं. सगळी त्याच कोपऱ्यात अडायची. दाराची चौकट पत्त्यांतल्या चौकटसारखी तिरकी होत चालली होती, आणि हा इमानेइतबारे दारं तासून तिच्या मापाची करून देत होता. इमारत सहा वर्षं ओरडत होती, आणि हा तिच्या तोंडावर हात ठेवत होता.

पाच दिवसांनी लेक इथे राहायला येणार होती. तो तडक मॅनेजरकडे गेला.

"मिस्तरी, तुम्ही दारं बघा. भिंती बघायला इंजिनियर आहेत."

"मग त्यांना बोलवा की, साहेब."

"येऊन गेले. लिफ्टने वर गेले, समुद्र बघितला, सही करून गेले." मॅनेजरने आवाज खाली आणला. "पाच घरं विकायला काढलीत. असलं काही बाहेर बोललात, तर तुमचं येणं बंद आणि जावयाचंही."

लेकीला सांगितलं, तर ती उसळलीच. "बाबा, एवढे शिकलेले लोक राहतात तिथे. ते काय खुळे आहेत?"

"दार अडलं की ते मला बोलावतात गं. मी काय बघितलं, ते कुणी विचारत नाही."

"मला परत त्या सात माणसांत कोंबू नका," म्हणाली, आणि रडायलाच लागली. लेक रडली की मिस्तरीचं काही चालत नसे, ती पाळण्यात होती तेव्हापासून.

आली राहायला. खोलीचं दार मिस्तरीने स्वतः बसवलं. काटकोनाचा गुण्या लावून चारी कोपरे तपासले, सगळीकडून काडेपेटीच्या काडीएवढी फट ठेवली, कितीही फुगलं तरी अडू नये अशी. लेकीला म्हणाला, "हे दार घासायला लागलं, तर मला लगेच फोन करायचा. हसायचं नाही." ती हसलीच.

मग रोज सकाळी चहा पिताना त्याची नजर फोनवर.

"कुणाच्या फोनची वाट बघताय एवढी?" बायकोने विचारलं.

"येऊ नये, याची वाट बघतोय."

अकराव्या दिवशी आला. "बाबा, खरंच की हो! वरच्या कोपऱ्यात घासतंय. कधी येता तासायला?"

"पोरी कुठायत?"

"इथेच. सुट्टी आहे ना आज."

"त्यांना घे आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहा. चपला शोधत बसू नकोस."

आवाजात काहीतरी असणार, कारण मिस्तरी पोचला तेव्हा लेक खरंच समोरच्या फुटपाथवर उभी होती. दोन्ही पोरी अनवाणी, आणि हिच्या हातात, कशाला कोण जाणे, कुकर. जावई घामाघूम झालेला.

"मामा, मॅनेजर बघतोय. माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे जावईबापू. तुम्ही आत जाऊ नका." त्याने जावयाला अग्निशमनवाल्यांना फोन करायला लावला. आग कुठे लागलीय, असं त्यांनी तीनदा विचारलं.

समोर इमारत ऊन खात उभी होती. इथून अगदी सरळ दिसत होती. दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं चहा घेत समुद्र बघत होती. एकाने ओळखून मिस्तरीला हातही केला.

मिस्तरी एकेका घरी फोन लावत सुटला. बंद घरांत नुसती घंटी वाजत राहिली. बाराव्या मजल्यावरचे म्हणाले, "आज फुकट तासताय की काय?" आणि ठेवून दिला. पाचव्या मजल्यावर आजींनी उचलला.

"आजी, असाल तशा खाली या. जिन्याने या."

"आले असते रे. पण हे दार कालपासून हलतच नाही. बघ बाबा, काय तुझं काम!"

आजींना वाटलं, हा हसेल. मिस्तरीने फोन जावयाला दिला आणि धाकटीचा हात सोडवून लेकीच्या हातात दिला.

"बाबा, नाही हं," लेक म्हणाली. "बाबा!"

"ते दार मीच तासलंय," तो म्हणाला, आणि गाड्या थांबायची वाट न बघता रस्ता ओलांडायला लागला.