पळसाचा नवरा

उज्जैनच्या माधव नगरातल्या मीराकाकूंचे यजमान गोपाळराव देश स्वतंत्र व्हायच्या दोन वर्षं आधी इंदूरला नोकरी बघायला म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. ना चिठ्ठी, ना चपाटी. काकू रोज ठसठशीत कुंकू लावायच्या, दिराच्या घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक रेटायच्या, आणि कुणी कीव केली की त्याला असं सुनवायच्या की तो पुन्हा त्या गल्लीत फिरकायचा नाही.

पुढे नवा मध्य प्रदेश झाला. दीर भय्यासाहेबांची कचेरी भोपाळला हलली. जायच्या आधी त्यांना दादाचं "उरकून टाकायचं" होतं. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून नदीवर जाळतात. मग माणूस गेला असं धरायचं आणि बायकोनं कुंकू पुसायचं. पण अधिक महिने धरून बारा वर्षं भरली की नाही, यावर भटजींचं एकमत होईना. शेवटी पुतण्या अरविंदनं कचेरीतल्या आकडेमोडीच्या यंत्राचं हँडल फिरवून तारीखच आणली.

"काकू, भर गए बारा बरस. मशीन गलती नहीं करती."

काकूंच्या हातातलं उलथनं थांबलं. "ते आहेत की नाहीत, हे विचारलंस तिला?"

"असं थोडीच विचारतात! आकडे टाकायचे असतात."

"मग बारा वर्षं संपली म्हण. माणूस संपला हे कुणी सांगितलं?"

"वहिनी, शास्त्र आहे," भय्यासाहेब म्हणाले.

"शास्त्राला माहीत नाही, म्हणून तर ते बारा वर्षं थांबतं! निदान कबूल तरी करतं. हा मेला लोखंडी डबा 'मला माहीत नाही' एवढंसुद्धा म्हणत नाही."

तरी दुसऱ्या दिवशी पळसाची पानं आली. ती भिजायला पाण्यात टाकून मंडळी टावर चौकात बाकीचं सामान आणायला गेली. भटजींना घेऊन परतली, तर काकूंनी झाडून सगळ्या पानांच्या पत्रावळी लावल्या होत्या आणि वर वरणभात वाढला होता.

"वहिनी! दादाचा पुतळा..."

"बसा जेवायला. दादाला जाळायचं असेल तर आधी हुडकून आणा."

भटजींना भूक लागली होती. त्यांनी मुकाट मांडी घातली. भय्यासाहेब उभेच.

आठवड्यानं सामानाचा ट्रक दाराशी लागला. काकू काही त्यात बसल्या नाहीत.

"ते आले तर उज्जैनलाच येतील," त्या म्हणाल्या. "भोपाळचा पत्ता त्यांना कुठं ठाऊक आहे?"