मेलेल्याची वाट वेगळी

"वारा कुठून हाय, साहेब?"

कारखान्याच्या गेटावरच्या माझ्या खोलीत यायच्या आधी मामू हे हमखास विचारायचे. माझ्या उत्तरासाठी थांबायचे नाहीत. स्वतःच बोट ओलं करून हात वर धरायचे आणि वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जाईल अशा बाजूला, दाराबाहेर उभे राहायचे. मालाच्या चलनावर सही करून ते तिथूनच हात लांब करून द्यायचे. भिवंडीतल्या चिकनच्या दुकानांमधून आतडी, पिसं, मुंडकी गोळा करायची आणि बंद टेम्पोतून आमच्याकडे पोचवायची, हे त्यांचं काम. कपड्यांना वास येणारच. पण तो वास आपला आहे, तो दुसऱ्याने का सोसायचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नाक्यावर चहा घेताना मुद्दाम टपरीच्या मागे जाऊन उभी राहणारी. एकदा अंबाडीच्या नाक्यावर लग्नाची वरात चालली होती. मामूंनी टेम्पो बाजूला घेऊन पाऊण तास तसाच उभा ठेवला. उशीर का झाला म्हणून मी रागावलो, तर म्हणाले, "नवरीच्या नाकात पैल्याच दिशी ह्यो वास कशाला?"

मामू मोठ्याने बोलायचे. तीस वर्षं यंत्रमागावर काढली होती. लूमच्या खडखडाटाने दोन्ही कान गेले होते. पुढे लूम बंद पडल्या, मालकाने जागा विकली, आणि मामूंनी हा टेम्पो घेतला. समोर उभं राहून, तोंड त्यांच्याकडे करून बोललं की त्यांना ओठांवरून सगळं कळायचं. तोंड फिरवलं की काही नाही. आम्ही सगळे त्यांच्याशी बोलताना आपोआप त्यांच्याकडे वळायचो. ही गोष्ट मला चांगली माहीत होती, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा कारखाना अंबाडीच्या पुढे, रस्त्यापासून आत. आलेला माल मोठ्या कुकरमध्ये शिजायचा, तेल वेगळं निघायचं आणि उरलेल्याची भुकटी व्हायची. भुकटी जनावरांच्या खाद्यात जायची, म्हणून एक नियम फार कडक होता. निरोगी कोंबडी कापल्यावर जे उरतं, म्हणजे कटिंगचा माल, तेवढंच कुकरमध्ये घालायचं. आपोआप मेलेली कोंबडी, जिला धंद्यात मरतूक म्हणतात, ती चुना टाकून खोल पुरायची. नाहीतर रोग फिरून खाद्यातच यायचा. मी आवक बघायचो. ड्रम उघडून माल तपासायचा, तो कशाचा, कुठला, किती वाजता निघाला ते चलनावर लिहायचं आणि गाडीवाल्याची सही घ्यायची.

मामूंच्या ड्रममध्ये मला कधी काही सापडलं नाही. ते दुकानातच बघून घ्यायचे. एका दुकानदाराने एकदा पिसांखाली दोन मेलेल्या कोंबड्या दडपल्या होत्या. मामूंनी त्या काढून फळीवर ठेवल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लग्नाच्या पंगतीत मयताला बसवतोस काय रे? मेलेल्याची वाट येगळी!" गिऱ्हाइकं हसली, दुकानदारही हसला, पण त्याने पुन्हा तसं केलं नाही. मेलेल्याची वाट येगळी, हे त्यांचं नेहमीचं. मी नियमांचा कागद भिंतीवर लावला होता. मामूंना त्याची गरज नव्हती.

त्या वर्षी मे महिन्यात उन्हाने कहर केला. वाड्याच्या रस्त्याला आमच्या शेठच्या एका मित्राची पोल्ट्री होती. दोन दिवसांत तिथल्या कोंबड्या ढिगाने मेल्या. उन्हाने मेल्या की आणखी कशाने, हे कुणी तपासलं नाही. शेठने मामूंना गाडी घेऊन पाठवलं आणि सांगितलं, कारखान्यामागे खड्डा खणून ठेवलाय, आणून टाका.

मामू दुपारी आले. वारा विचारला नाही, थेट दारात आले. डोळे लाल झाले होते.

"साहेब, सगळा मरतूक हाय. एकसुद्धा जिवंत न्हाय. चुना हाय ना भरपूर?"

मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणालो, "आहे."

खड्डा नव्हता. चुना नव्हता. सकाळीच शेठचा फोन आला होता, सगळं कुकरमध्ये घाला आणि चलनावर कटिंगचा माल लिहा. मी तसं लिहिलं. मामूंनी चलन डोळ्यांजवळ धरून वाचलं. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते.

"इथं कटिंग लिवलंय."

"छापील चलन आहे ना मामू. मरतुकीला वेगळी जागाच नाही त्यावर. आत वहीत बरोबर लिहितो मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमी लिवणार ना? मग झालं," आणि सही केली. टेम्पो मागे नेऊन आमच्याच माणसांनी रिकामा केला.

आत अशी कुठलीच वही नव्हती.

चार दिवसांनी पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टर मॅडम तपासणीला आल्या. कुणीतरी तक्रार केली होती. कुकरमध्ये न मावलेल्या शंभरेक कोंबड्या शेडच्या मागे ताडपत्रीखाली सडत पडल्या होत्या. मॅडमनी स्वतः ताडपत्री उचलली. पिसांसकट अख्ख्या कोंबड्या. त्यांना कटिंगचा माल कोण म्हणेल? माझ्या खोलीत येऊन त्यांनी चलनांचा गठ्ठा मागवला आणि तारीख शोधून काढली.

"ही मरतूक कुणी आणली? चलनावर तर कटिंग लिहिलंय."

शेठने माझ्याकडे बघितलं. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, घराचे हप्ते चालू होते, वगैरे वगैरे. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता तीही मला खोटी वाटतात.

मामू दाराबाहेर पाच पावलांवर नळाखाली ड्रम धूत होते. मॅडमना बघून त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि अदबीने उभे राहिले.

मी खिडकीकडे तोंड केलं. हे मी विचार करून केलं. आपोआप घडलं असतं तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात मी म्हणालो, "यांनीच आणली, मॅडम. कटिंग आहे म्हणून सांगितलं आणि आत टाकून गेले. आम्हाला नंतर कळलं."

मागे वळलो तेव्हा मामू हसत होते. आपल्याबद्दल काहीतरी बोलणं चाललंय एवढं त्यांना कळलं होतं, आणि बोलणारा मी होतो, म्हणजे ते चांगलंच असणार.

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "हे म्हणतात ते बरोबर आहे का?"

हे त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

"हां मॅडम," मामू मोठ्याने म्हणाले. "साहेब सांगतात तसंच झालं. मी आणलं, ह्यांना सगळं सांगितलं."

शेवटचं वाक्य मॅडमच्या कानांवर पडलं. त्या थोड्या थांबल्या. मी घाईने म्हणालो, "ऐकू येत नाही त्यांना." आणि हे खरं होतं.

मामूंचा जबाब मीच लिहिला. मॅडम म्हणाल्या, "वाचून सही करा." मामूंनी खिसे चाचपले, चष्मा टेम्पोत राहिला होता. "साहेबांनीच लिवलंय ना," म्हणाले आणि सही करून टाकली.

दहा-बारा दिवसांत त्यांचा माल वाहायचा परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं. मेलेले पक्षी लपवून आणले, असं कारण होतं. पत्र घेऊन मामू माझ्याकडेच आले.

"साहेब, ऑफिसात कायतरी गडबड झालीय. तुमी तर मॅडमला माझ्यासमोर सांगितलंत. कुणीतरी उलटं लिवलंय बघा. तुमी एकदा चला माझ्यासोबत."

"येतो की. पुढच्या सोमवारी जाऊ."

ते सोमवारी आले. मी कामात असल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही आले, नवा शर्ट घालून. तिसऱ्या वेळी मी गेटावरच्या माणसाला सांगून ठेवलं होतं, मी नाही म्हणून. खोलीच्या खिडकीच्या फटीतून मला ते दिसत होते. टेम्पो नव्हता, वास नव्हता, तरी सवयीने दारापासून लांबच उभे होते. अर्ध्या तासाने गेले. त्यानंतर आले नाहीत.

दुकानदारांमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. मामू मेलेल्या कोंबड्या फिरवतो. ज्यांना त्यांनी पंगत आणि मयत शिकवलं, तेच हे हसत एकमेकांना सांगायचे. टेम्पो विकला गेला.

वर्षभराने दापोड्याला एका गोदामाच्या फाटकावर मला ते दिसले. खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहीत होते. मी मोटरसायकल वळवायच्या आतच त्यांनी हाक मारली. आवाज तोच. मी गेलो. त्यांनी उठून मला खुर्ची दिली.

त्या दिवशी मी खरंच सांगायचं ठरवलं. त्यांच्यासमोर उभा राहिलो, पण मान वर होईना. जमिनीकडे बघतच म्हणालो, "मामू, त्या दिवशी मी खोटं बोललो होतो."

"काय? जरा जोरात बोला, साहेब. ट्रक चाललेत."

मी मान वर केली. ते माझ्या ओठांकडे बघत होते, अगदी लक्ष देऊन.

"जेवलात का, विचारलं," मी ओरडून म्हणालो.

"जेवलो, जेवलो! तुमच्या मामीने बोंबील दिले होते आज," ते खूश होऊन म्हणाले.

त्यानंतर मी तो रस्ता टाळू लागलो. काल्हेरला जायचं असलं तरी लांबून जायचो.

मामू गेल्याचं मला एका गाडीवाल्याकडून कळलं, तेही सहज बोलता बोलता. झोपेतच गेले, म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली, हेही सांगतो. सकाळी मात्र आवकेची खोली उघडून आत जाववेना.

मी डॉक्टर मॅडमना जाऊन भेटलो आणि सगळं लिहून दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं.

"इतके दिवस का नाही सांगितलंत?"

त्यांनी कागद खाली ठेवला.

"मला तेव्हाच शंका आली होती," त्या म्हणाल्या. "मी त्यांना बाजूला घेऊन परत विचारायला हवं होतं." त्यांच्या वाट्याला आलेली ही लाजसुद्धा माझीच होती.

चौकशी झाली. कारखान्याला टाळं लागलं, माझी नोकरी गेली. त्यात काही मोठेपणा नाही. जायलाच हवी होती. काही महिन्यांनी खात्याचं पत्र निघालं, मामूंचा यात दोष नव्हता, पूर्वीचा आदेश मागे घेण्यात येत आहे. ते घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

मामींनी मला ओळखलं नाही. मी कुठला ते सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. "या, या, तुमीच काय ते साहेब? लय नाव घ्यायचे तुमचं. सगळ्यांनी पाठ फिरवली, पर एकट्या साहेबानं मॅडमसमोर माझी बाजू घेतली, असं म्हणायचे."

त्यांनी चहा ठेवला. मी म्हणालो, मामी, चहा नको, आधी ऐका. आणि या वेळी मी त्यांच्याकडे तोंड करून, मोठ्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्यांना ऐकू येत होतं. मोठ्याने बोलायची गरज नव्हती.

त्यांनी गॅस बंद केला. चहा गाळला नाही.

"ते तुमाला चांगलं समजून गेले," मामी म्हणाल्या. "मला ते जमायचं न्हाय."

मी पत्र पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"मी काय करू ह्याचं? मला ठावूक होतं ते कसे होते. ज्यांना ठावूक न्हाय त्यांना दाखवा. ज्या ज्या दुकानातून ते माल उचलायचे तिथं जा. घरात बसून मला कशाला वाचून दाखवता?"

मी गेलो. मामूंची सगळी दुकानं मला पाठ होती, दोन वर्षं चलनावर त्यांचीच नावं लिहिली होती. पहिल्या दुकानात मालकाने पत्र वाचलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पत्र दोन बोटांनी परत दिलं. एक म्हणाला, "आता काय उपयोग?" एकाने डोळे पुसले आणि मला दुकानाबाहेर काढलं. पंगतीवाल्या दुकानदाराने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि उभं राहून ऐकलं. पण बरीच दुकानं बदलली होती. कुठे नवा मालक होता, कुठे नवे कारागीर.

शेवटचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. रविवार होता, गर्दी होती. लाकडी ठोकळ्यावर एक अनोळखी माणूस कोंबडी तोडत होता. मी पत्र काढलं आणि म्हणालो, "मामूंबद्दल सांगायचं होतं."

त्याचा हात थांबला नाही.

"कोण मामू?"

मागून कुणीतरी किलोभर मागितलं. तो मला म्हणाला, "जरा साइडला व्हा, काका, गिऱ्हाईक हाय."

मी बाजूला झालो. पत्र हातात धरून, रिकाम्या पिंजऱ्यांजवळ, गर्दी ओसरायची वाट बघत उभा राहिलो.