मध्येच दिलेला शब्द

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुजे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त त्याच्या बायकोला आणि पोस्टमनला ठाऊक. काम प्रॉम्प्टरचं. विंगेत एक स्टूल, मांडीवर नाटकाची वही, तिच्यावर मुठीएवढा दिवा आणि नजर आमच्या ओठांवर. नट अडखळला की पुढचा शब्द असा सोडायचा की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. मी ऐन भरात असताना एकदा आख्खा तिसरा अंक विसरले होते. टाळ्या मला पडल्या, पण अंक त्याने केला. मी नुसती त्याच्या मागून चालत गेले.

आणि तरीही त्याचं कसब शब्द देण्यापेक्षा न देण्यात जास्त होतं. नट थांबला तो मुद्दाम थांबला की विसरला, हे गडी श्वासावरून ओळखायचा. विराम असेल तर ओळीवर बोट ठेवून गप्प. विसर असेल तर पापणी लवायच्या आत शब्द हजर.

नाटक सुटलं, खोड मात्र सुटली नाही. उतारवयात तो लेकीकडे राहायला आला आणि सगळ्या जगाला प्रॉम्प्टिंग करू लागला. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला आता जरा..." की हा म्हणणार, "चालायला हवं, मीठ कमी करायला हवं, चिडायचं नाही." डॉक्टरांनी पेन पुढे केलं, "मग औषधही तुम्हीच लिहा." लेक वैतागायची. "बाबा, माझं वाक्य माझं मला संपवू द्या हो! लग्नाला होकारसुद्धा तुम्हीच दिलात माझ्या तोंडून."

"बरा निघाला ना पण नवरा?" तो विचारायचा.

"बरा आहे. जहाजावर असतो. इथे असता तर त्याचीही वाक्यं तुम्हीच बोलला असतात."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. घरात टीव्ही आहे, पण एकटीने टीव्ही बघणं म्हणजे रिकाम्या थिएटरात प्रयोग करणं. म्हणून रविवारी सकाळी मी वर जायचे. लेक कारखान्यात शिवणयंत्रावर असते. रविवारी ती आठवड्याचे कपडे इस्त्रीला काढायची. कुजबुजे खिडकीजवळच्या खुर्चीत. आणि नात, आठ वर्षांची, तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती बसलेली कुणी पाहिली नव्हती. अलीकडे भिंगरी थोडी कमी फिरत होती. टेबलाखाली शिरून बसायची, नखं कुरतडायची. "मोठी होतेय," असं आम्ही म्हणायचो. मोठ्या माणसांना असली उत्तरं फार लवकर सुचतात.

त्या रविवारी टीव्हीवर गप्पांचा एक कार्यक्रम लागला. मला वाटलं, महागाई असेल, नाहीतर हवामान. तर समोर चाळिशीचा एक गृहस्थ बसलेला, नीट टाय लावलेला, आणि तो सांगत होता की तो नऊ वर्षांचा असताना घरी येणाऱ्या एका माणसाने त्याच्याशी काय केलं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. आम्ही रंगमंचावर दुःख केलं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवं म्हणून मोठं करून. हा माणूस ते इतकं लहान करून सांगत होता की मला खुर्चीत बसवेना.

लेकीने इस्त्री उभी केली आणि रिमोट उचलला. "बदलते. पोरगी आहे समोर."

"राहू दे," कुजबुजे म्हणाला.

"बाबा, काय राहू दे? हे काय लहान मुलांनी ऐकायचं?"

"ज्याच्यावर गुदरलं तो लहानच होता ना? राहू दे."

मग एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी फळ्यावर मुलाचं साधं चित्र काढलं आणि शरीराच्या कोणत्या जागा फक्त आपल्या असतात ते दाखवलं. तिथे कुणी हात लावला, मग तो कितीही ओळखीचा असो, कितीही लाड करणारा असो, तर नाही म्हणायचं, पळायचं आणि सांगायचं. 'हे आपलं गुपित' असं तो म्हणाला, तरीही सांगायचं.

टेबलाखालून आवाज आला. "आजोबा."

"बोल गं."

"दिवेकाका पण... अंधार केला ना, की मग ते..."

आणि ती थांबली.

दिवेकाका म्हणजे आमच्या कंपनीचा प्रकाशयोजना करणारा. कुजबुजेचा जिवाभावाचा मित्र. एक विंगेच्या डाव्या अंगाला, एक उजव्या, अशी त्यांची हयात गेली. त्याने पाडलेल्या चांदण्यात मी कितीदा खरीखुरी रडले आहे. रविवारी दुपारी लेक बाजारात जाई, कुजबुजे डोळा लावी, आणि दिवेवाला आतल्या खोलीत पडदे ओढून भिंगरीला टॉर्चवर सावल्या करायला शिकवी. पुठ्ठ्याचे घोडे, पुठ्ठ्याची घरं. अंधार केल्याशिवाय सावल्या दिसणार कशा? आम्हाला कौतुक वाटायचं.

तर ती थांबली. आणि कुजबुजेने, नाटक असतं तर ज्या चपळाईने दिला असता त्याच चपळाईने, शब्द दिला.

"घाबरवतात?"

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. ही नजर मला ओळखीची होती. ओठ कोरडे पडलेल्या नटाला वाक्य मिळालं की त्याच्या चेहऱ्यावर येते ती.

"हो," ती म्हणाली. "घाबरवतात."

"भुताच्या गोष्टी सांगत असणार मेला," लेक हसली. आम्हीही हसलो. इस्त्री पुन्हा कापडावरून फिरू लागली.

पडद्यावर डॉक्टरबाईंचं बोलणं चालूच होतं. आता त्या पालकांना सांगत होत्या. "मूल सांगता सांगता थांबलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मोठ्यांनी पुढे केलेला शब्द मूल चटकन उचलतं. तो सोपा असतो. तुमच्या चेहऱ्याला चालेल असा असतो."

कुजबुजे उठला. बसला. पुन्हा उठला. मला डोळ्यानेच खुणावून बाहेर जिन्यावर घेऊन गेला. तिथे तो कठडा धरायचा, सोडायचा, दोन पायऱ्या उतरायचा, परत चढायचा.

"बाई, तो विसर नव्हता."

"कुठला?"

"पोरीचा. तिला वाक्य येत होतं. ओठावर होतं. मी दुसरंच दिलं, आणि तिने ते घेतलं."

"अहो कुजबुजे, आपला दिवेवाला आहे तो. काहीतरीच काय!" मी म्हणाले खरी, पण म्हणता म्हणताच मला ते ओढलेले पडदे आठवले.

"दुपारी येईल तो. मी आत्ताच विचारतो तिला. सरळ विचारतो, त्याने तुला हात..."

"आणि ती 'हो' म्हणाली, तर ते तिचं असेल की तुमचं?"

तो गपकन थांबला. कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी गप्प बसायचं."

"हो."

"बाई, मला ते जमत नाही हो."

लेक दारात येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. चेहरा लाल. "बाबा, टीव्हीवाले काहीही दाखवतात आणि तुम्ही लगेच डोक्यात घेता? आईच्या आजारपणात ते रात्र रात्र बसले होते आपल्याकडे."

"बसले होते," कुजबुजे म्हणाला. "मी नाही कुठे म्हणतो?"

तो आत गेला आणि टेबलासमोर जमिनीवर बसला. त्या गुडघ्यांनी ते कसं केलं ते त्याचं त्याला माहीत. लेकीने टीव्ही बंद केला.

"भिंगरे," तो म्हणाला, "मघाशी मी मध्येच बोललो. 'घाबरवतात' हा शब्द माझा होता. तुझं वाक्य राहूनच गेलं."

एवढंच. मग तो गप्प बसला.

मी पुष्कळ शांतता पाहिल्या आहेत. पडदा वर जाण्याआधीची, मृत्यूच्या प्रवेशातली. पण ही शांतता कुणाच्या हातात नव्हती. भिंगरी म्हणाली, तिची पेन्सिल हरवली आहे. तो हुंकारला. ती म्हणाली, शाळेत बाकावर कुणीतरी शाई सांडली. तो हुंकारला. मग ती टेबलाचा पाय नखाने खरवडत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. घरघर व्हायची आणि बंद पडायची. कुजबुजेचे ओठ हलू लागले, आवाज न करता, आणि त्याने मफलरचं टोक दातांत धरलं. लेक एकदा पुढे झाली. मी तिचा दंड धरला.

"दिवेकाका टॉर्च बंद करतात," भिंगरी म्हणाली. टेबलाच्या पायाकडे बघत. "आता सावल्या पुरे म्हणतात. मग मांडीवर घेतात. मग तिथे हात लावतात, जिथे त्या बाई नाही म्हणाल्या ना, तिथे."

मफलर दातांतच होता.

"मला नाही आवडत. मी म्हटलं, सांगीन. तर ते म्हणाले, सांग. मग मी येणार नाही, आणि तुझ्या आजोबांना एकच मित्र आहे."

लेक तिथेच जमिनीवर बसली. कुजबुजेने मफलर सोडला. त्याचा आवाज विंगेतला झाला होता, फक्त समोरच्यापुरता.

"तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझं काहीही चुकलेलं नाही. आणि माझ्या मित्रांची काळजी तू नाही करायची."

"मग तुम्ही कुणाशी बोलाल?"

"ही बाई आहे ना. हिची बडबड संपते कधी?"

भिंगरी थोडी हसली. मग मात्र रडली, आणि आईच्या कुशीत गेली.

मघाशी टीव्हीच्या पट्टीवर मदतीचा एक क्रमांक सरकत होता, तो माझ्या लक्षात राहिला होता. पाठांतर, दुसरं काय. लेकीने फोन लावला, त्यांनीच पुढे पोलिसांना कळवलं. दुपारी दिवेवाला जिना चढून आला, तेव्हा दाराला साखळी होती. "झोपलात की काय रे?" त्याने विचारलं. कुजबुजे दाराच्या आत, लाकडाला कपाळ टेकून उभा. पावलं उतरून गेली तरी तो तिथेच होता.

बातमी पसरवायला आमच्या जुन्या मंडळींना काय वेळ लागतो? फोनवर फोन. "टीव्ही बघून पोरं हल्ली काहीही बोलतात." "इतक्या वर्षांचा माणूस!" आणि मग एकाने ते म्हटलंच, जे मला पोळून गेलं: "अहो, आजोबा प्रॉम्प्टर! पोरीच्या तोंडात घातलं असेल त्यानेच. तोच तर त्याचा धंदा."

दिवेवाल्यानेही पोलिसांना हेच सांगितलं होतं, ते आम्हाला चौकीत गेल्यावर कळलं. साध्या कपड्यांतली एक पोलीसबाई भिंगरीला खेळण्यांच्या खोलीत घेऊन गेली. आई दाराबाहेर बाकावर. आत मोठं दुसरं कुणी नको, असा नियम. आजोबा तर दाराच्या आसपासही नकोत. कुजबुजेला व्हरांड्याच्या टोकाला बसवलं. तो बसला कसला! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा, मधेच घड्याळाकडे, मधेच माझ्याकडे.

"तुम्हाला विचारतील, बाई. मी शब्द दिला होता, ते लपवू नका."

"त्याने तिचं नुकसान झालं तर?"

"झालं तर झालं. खोटं बोललात आणि ते पकडलं गेलं, तर पोरीचंही कुणी खरं मानणार नाही."

मला आत बोलावलं. टेबलापलीकडे वयस्कर अधिकारी. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी आजोबांनी मुलीला काही शब्द सुचवला होता का? नीट आठवून सांगा."

मी आयुष्यभर लोकांची वाक्यं बोलले. त्या खुर्चीत पहिल्यांदा माझं स्वतःचं बोलायचं होतं. "हो," मी म्हणाले. "एक शब्द दिला. ती थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, 'घाबरवतात?' आणि ती हो म्हणाली."

"म्हणजे मित्रावर आरोप येईल असा शब्द?"

"नाही हो. मित्र सुटेल असा. आम्ही सगळे हसलो त्यावर. भुताची गोष्ट म्हणून विषय तिथेच मिटला होता. पुढचं जे बोलली, ते ती त्यांचा शब्द बाजूला सारून बोलली. तेव्हा त्यांच्या तोंडात मफलर होता."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "मफलर?"

"गप्प राहता येईना म्हणून."

त्यांनी ते लिहून घेतलं, मफलरसकट. 'घाबरवतात' या शब्दाखाली रेघ ओढली.

मी बाहेर आले तर कुजबुजे अजून चालतच होता. मी काय सांगितलं ते त्याने विचारलं नाही. तेवढ्यात खेळण्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि भिंगरी आली. हातात पाण्याचा पेला. आईजवळ गेली, दोन घोट प्यायली, आणि तोंड पुसता पुसता थांबली.

"काय झालं गं?" लेक म्हणाली.

भिंगरीच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी जुळवत होती. व्हरांड्याच्या टोकाला कुजबुजे होता तिथेच उभा राहिला. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"अजून एक सांगायचं राहिलंय मला," भिंगरी म्हणाली. पेला आईच्या हातात दिला, वळली, आणि दार ढकलून परत आत गेली.