मॅडमना कोण बोलणार?

मुलगा कॉलेजात आणि नवरा पेन्शनीत गेल्यावर, इतकी वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई पीएचडीला बसल्या. घरच्यांनी डोळे विस्फारले. विद्यापीठाने मात्र त्यांना वरच्या मजल्यावर, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली एक टेबल दिलं. जागा कमी, म्हणून त्या खोलीत वेगवेगळ्या विभागांची माणसं कोंबलेली. एक लंबू, बस ड्रायव्हरचा मुलगा, जुन्या रस्त्यांचा इतिहास शोधणारा. दुसरी नर्स, रात्रपाळ्या सोडून अभ्यासाला आलेली आणि अजूनही बसल्या बसल्या डुलकी काढणारी. दोघं बाईंच्या मुलाच्या आगेमागची, त्यामुळे बाईंचा जीव सारखा टांगणीला: हा जेवला का, ही झोपली का. आणि त्या दोघांच्या लेखी बाई म्हणजे मॅडम.

खोलीचा एक रिवाज होता. समितीपुढच्या सेमिनारच्या आधी आपल्या संशोधनाचा आराखडा खोलीत वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्यांनी सालटी काढायची. नर्सच्या आराखड्याचा लंबूने असा भुगा केला की ती रडकुंडीला आली. मग त्यानेच बसून तो नीट करायला मदत केली आणि ती समितीपुढे तरून गेली.

मॅडमची पाळी आली. विषय: बेरीज करताना मुलं हातचा का विसरतात. याआधी एकदा त्या समितीपुढे आपटल्या होत्या. या खेपेला नकार आला तर प्रवेशच रद्द. घसा कोरडा पडेपर्यंत त्यांनी वाचलं.

"छान झालं, मॅडम," लंबू म्हणाला.

"खूपच छान," नर्सने री ओढली.

"बस? एवढंच?"

"अजून काय... तक्ते सुबक आहेत," लंबू म्हणाला.

काही पटलं नाही तरी मान डोलावणारी पोरं मॅडमनी जन्मभर पाहिली होती. "मी काय पाहुणी आहे इथे? हिचं भुस्कट पाडलंस आणि मला साखर चारतोस? समितीने हाकललं की द्या मग निरोपाचा चहा!"

लंबूने नर्सकडे पाहिलं. तिने भुवई उडवली: तूच बोल.

"रागावणार नाही ना?"

"रागावेन. तू बोल."

"मुलांना प्रश्न तुम्हीच विचारलेत. त्यांच्याच बाईंनी! ती खरं कशाला सांगतील? तुम्हाला आवडेल तेच सांगणार. अख्खा दुसरा भाग फुसका आहे."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्हाला कोण बोलणार, मॅडम?"

एवढं बोलून तो स्वतःच चपापला. नर्सला हसू आवरेना. मॅडम मात्र खरंच रागावल्या, कडाकडा भांडल्या, आणि मग कागद ओढून दुसऱ्या भागावर काट मारली. संध्याकाळपर्यंत तिघांची तोंडं थांबली नाहीत. "अगं, असं नाही!" "मॅडम, ऐका तरी!" "तू आधी डबा संपव, मग अक्कल शिकव."

समितीतल्या सगळ्यात खडूस सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मुलांशी बोलणार कोण?

"मी नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांना न शिकवणारं कुणीतरी."

सरांनी मान हलवली. मंजुरी मिळाली. पण ते कुणीतरी आणायचं कुठून, हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

जिन्यात वाट पाहणाऱ्या दोघांना त्यांनी अडचण सांगितली. "मी जातो की मुलांकडे," लंबू म्हणाला. "हातचा मी अजूनही विसरतो. मला कुठलं पोर घाबरणार?"

"जा. पण मुलांसमोर माझ्या प्रश्नांना नावं ठेवायची नाहीत."

"छे! नावं ठेवायची ती आपल्या खोलीत आल्यावर."